कुरणाखालची करडी रेघ

ती करडी रेघ… वर तपकिरी माती, खालीही तपकिरीच, आणि मध्ये ही, बोटाच्या पेराएवढी जाड – चुलीतली थंड राख ओल्या हाताने लिंपावी तशी. मारेदने प्लास्टिकची लांब नळी उभी चिरून गाडीच्या मागच्या पाट्यावर आडवी ठेवली होती आणि बोथट सुरीने ती आतल्या मातीचा वरचा पापुद्रा काढत होती. खरवडेल तशी रेघ अधिकच स्पष्ट होत होती. हेविनने नळीचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. धरा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण नळी घरंगळली तर… घरंगळलं, सांडलं, विसरलं, राहून गेलं, की बोट आपल्याकडेच वळणार, हे त्याच्या हातांना त्याच्याही आधी कळत असे.

"बघा, तुमचे पाहुणे," मारेद म्हणाली.

"कोण?"

"खाणवाले. वरच्या खोऱ्यात दगड फोडायचे, कुटायचे, ओढ्यात धुवायचे. शिसं तेवढं उचलायचे आणि उरलेलं पीठ पाण्याबरोबर खाली. त्यातही शिसं राहतंच की. ते येऊन इथं बसलं, तुमच्या कुरणात."

तिच्या बोलण्यात आनंद होता. कामात बुडालेल्या माणसाचा असतो तसा, कुणाचं वाईट न चिंतणारा. समुद्राकाठच्या विद्यापीठात शिकवायची ती, पण आजोळ याच खोऱ्यातलं – टपालवाल्या विनची नात. शिशिराच्या आधी येऊन तिने नदीकाठच्या सगळ्या शेतांमधली माती नेली होती. आता निकाल हातात घेऊन, एकदा खात्री करायला म्हणून पुन्हा आली होती. हेविनला ती आवडली होती. ती चिखलात गुडघे टेकून बसायची आणि उठताना स्वतःलाच हसायची.

खाण त्याने चालू पाहिली नव्हती, बाबांनीही नाही. आजोबा लहानपणी तिथे ओढ्यात उभे राहून दगडांचा चुरा धूत, एवढं घरात सांगितलं जाई, आणि तेही अभिमानाने. आता डोंगराच्या पोटाशी पांढुरक्या खडीचे ढीग होते, ज्यांच्यावर गवताचं पातं उगवत नव्हतं. गावाला त्याचं केवढं कौतुक! चॅपेलच्या वाटेवर, थडग्यांभोवती, तीच खडी आणून पसरायचे, कारण तिच्यात तण येत नाही. आईच्या थडग्याभोवतीही हेविनने स्वतः पसरली होती, गाडी भरून. तण का येत नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. सोय झाली की माणूस प्रश्न विचारत नाही.

"गवतात पण उतरतं ते?" त्याने विचारलं.

"मुळांतून थोडंच. पण पूर येऊन गेला की पात्यांवर धूळ बसते ना, ती सुक्या गवताबरोबर जनावरांच्या पोटात. मेंढ्या, गायी… घोड्यांना तर फार लवकर बाधतं. तुमच्याकडे घोडे होते का कधी?"

नदीपलीकडे एक मेंढी कोकराला हाका मारत होती. हेविन ते ऐकत राहिला, संपेपर्यंत.

"एक घोडी होती," तो म्हणाला. "आणि तिचं शिंगरू. मी लहान होतो तेव्हा."

सेरेन. कपाळावर चांदणी असलेली, प्रदर्शनात लाल फीत मिळवलेली, बाबांची सेरेन. बाबा माणसांशी जितके तुसडे तितके तिच्याशी हळवे. तिच्या कानात काय काय सांगायचे, आणि आई चुलीपाशी उभी राहून म्हणायची, आमच्या कानाला काय काटे आहेत? शिंगरू आधी गेलं. मग सेरेन वाळत गेली, त्या हिवाळ्यात. आणि बाबा गवताच्या माळ्यावर चढले, ओंजळ ओंजळ उपसत राहिले, आणि एक काडी घेऊन उतरले. वाळलेली, काळपट, टोकाला पिवळ्या फुलांचा चुरा. ती काडी त्यांनी त्याच्या नाकासमोर धरली. हे काय आहे?… त्याला माहीत होतं काय आहे. पिवळं विषारी तण. हिरवं असताना जनावर त्याला तोंड लावत नाही, वाळलं की कळत नाही, खातं. कापणीच्या आधी ते मुळासकट उपटून काढायचं काम त्या वर्षी पहिल्यांदा त्याच्यावर सोपवलं होतं, मोठा झाला म्हणून. तो किती खूश होता! सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओणवा होऊन, तळहात फुटेपर्यंत… मी उपटलं होतं. सगळं उपटलं होतं मी. पण काडी तर समोर होती. म्हणून तो म्हणाला, "राहिलं असेल माझ्याकडून."

झालं. तेवढं एक वाक्य. त्यानंतर सगळ्या आयुष्यात त्याला दुसरं काही म्हणावं लागलं नाही.

"कशाने गेली?" मारेद.

"पिवळ्या तणाने."

"डॉक्टरने सांगितलं?"

"बाबांनी सांगितलं."

मारेदने सुरी ठेवली. "श्वास घेताना आवाज व्हायचा का तिला? म्हणजे चढावर, धावताना… घशातून?"

आणि तो आवाज आला. इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे! अंगणाच्या चढावरून सेरेन वर येते आहे, मान ताणून, नाकपुड्या फाकवून, आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून शीळ – फुटक्या भात्यासारखी, आधी बारीक मग घोघरी. तो हौदाशी बादली घेऊन उभा आहे. त्याला वाटलं होतं, घोडी त्यालाच हाका मारते आहे. त्याला वाटलं होतं, ती त्याच्यावर रागावली आहे.

"व्हायचा," तो म्हणाला. "शिट्टीसारखा."

"मग ते तण नव्हे." तिने मान हलवली, अगदी खात्रीने. "तणाने काळीज सडतं, म्हणजे यकृत. जनावर झिंगतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं. घसा बसतो तो शिशाने. जुन्या खाणींच्या आसपास घोड्यांचं हेच व्हायचं. शिसंच होतं ते."

"पण काडी सापडली होती," हेविन म्हणाला.

"एका काडीने घोडी मरत नाही हो, काका. शिंगरूही मरत नाही. पोतंभर लागतं, तेही महिनोन्‌महिने."

ती त्याच्याकडे हसून पाहत होती. काहीतरी चांगलं हातावर ठेवल्यासारखं. आणि हेविनला राग आला. त्या राग येण्याचं त्यालाच नवल वाटलं. पण आला, खरा, पोटातून. ही कोण, कुठली, काल जन्मलेली पोर… काडी होती. मी पाहिली आहे ती, तू नाही. तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. साठीला टेकलेल्या माणसाला तू उभ्या उभ्या, हातात चिखलाची सुरी घेऊन सांगतेस की ते तसं नव्हतंच! मग मी काय करत होतो इतके उन्हाळे?

कारण दर उन्हाळ्यात, कापणीच्या आधी, तो त्या कुरणात उतरत असे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवा, मग पुन्हा उभा. घोडी गेल्यावर तबेल्याला दार लावण्यातलाच प्रकार, हे त्यालाही कळत होतं. बैल गेला आणि झोपा केला. तरी उतरत असे. सगळ्या खोऱ्यात इतकं स्वच्छ कुरण दुसरं नव्हतं. या भागात निम्मे लोक जोन्स आणि उरलेले डेव्हिस, म्हणून माणूस ओळखायचा तो शेतावरून, धंद्यावरून, नाहीतर खोडीवरून. आणि हेविनला सगळे म्हणत हेविन कंगवा. कुरण विंचरतो म्हणून. तोंडावरही म्हणत. तोही हसून ओ देई.

"हे असं पहा," मारेद पुन्हा नळीवर वाकली. तिच्या लेखी घोडीचा विषय संपला होता. "अगदी बुडाशी हातभर करडं आहे, ते खाण जोरात होती तेव्हाचं. ते सगळीकडे सापडतं, काही नवल नाही. इथं वर ही चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाची खूण. डोळ्यांना नाही दिसायची, यंत्राला दिसते."

तो मे महिन्यातला पाऊस त्याला आठवला. नंतर कितीतरी वर्षं मेंढ्या विकायला मनाई, पाठीवर रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या डोंगरभर हिंडत असायच्या. त्या पावसाचीही खूण मातीत राहिली आहे तर. मातीकडे सगळंच राहतं.

"आणि ही रेघ," ती म्हणाली, "त्याच्या दहाएक वर्षं आधीची. ही मला कळत नाही. खाण तेव्हा कधीच बंद पडली होती. एकाच हिवाळ्यातल्या पुरात एवढा गाळ? वरचे ढीग ढासळले असतील, ते ठीक. पण मग तो शेजारच्या शेतांतही सापडायला हवा. शेजारी नुसती दोऱ्याएवढी रेघ आहे. तुमच्याकडेच एवढं पाणी कुठून…" ती थांबली. तिची नजर नदीच्या बांधावर गेली, जिथे मोठी खाच होती आणि खाचेत ओकची काळी, रुंद फळी बसवलेली होती. "अच्छा. तुम्ही पाणी आत घेता."

"नदीचं खत," हेविन म्हणाला. शब्द बाबांचे होते. आजोबांचेही असतील.

पूर आला की फळी उचलायची, गढूळ पाणी कुरणभर पसरू द्यायचं, मग फळी टाकून ते तिथेच निवळू द्यायचं. पाणी निघून जातं, साय राहते. असंच म्हणायचे बाबा, नदीची साय. पूर्वी सगळेच करीत. मग पोत्यातली खतं आली आणि बाकीच्यांनी खाचा बुजवल्या. डोलहीर शेताच्या इद्वालने, म्हणजे बाबांनी, बुजवली नाही. उलट रुंद केली. त्या वर्षी – हेविनला वर्ष आठवायला लागत नव्हतं, ते आपोआप समोर येऊन उभं राहत होतं – बाबांनी बांध जवळजवळ दुप्पट कापला होता, आणि नवी फळी बसवली होती, हीच. सेरेनच्या पोटात शिंगरू होतं. तिला या खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं गवत मिळालं पाहिजे म्हणून.

म्हणून.

त्याने नळीचं टोक सोडलं. ती घरंगळली नाही.

म्हणजे मी नाही. बरं. आणि मी नाही तर… हे एकटं येत नाही. एका खांद्यावरून उतरलं की ते दुसऱ्या खांद्यावर बसतं, मध्ये हवेत राहत नाही. बाबा वर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले असतील, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, कुरणाकडे पाहत. नव्वदीचा म्हातारा. ज्याला आयुष्यात एकाच जिवाच्या कानात बोलता आलं, त्यानेच त्या जिवाला, स्वतःच्या हाताने, लाडाने…

"बाबांना सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

मारेदला प्रश्नातलं काही कळलं असावं, कारण ती सावकाश बोलली. "जमीन त्यांच्या नावावर आहे, काका. सांगायला तर हवं. इथलं गवत आता चारायचं नाही, फळी उचलायची नाही. एवढं तरी."

"एवढं मी बघतो."

"आणि घोडीचं?"

त्याने सुरी पुसून तिच्या हातात दिली. चहा ठेवतो, चल, म्हणाला.

वर चढताना तो पुढे होता. उतारावरचं गवत ओलं होतं, मागून मारेदचे बूट पचपच वाजत होते. त्याच्या मनात, कारण नसताना, मेन्ना आली. चॅपेलमध्ये गाण्यात त्याच्या पुढच्या रांगेत उभी राहायची. दोन हिवाळे तो तिला तालमीनंतर घरी सोडायला जात होता. एका रविवारी ती जेवायला आली. आईने सुरेख मटण केलं होतं. बाबा त्या दिवशी खुशीत होते, आणि खुशीत असले की त्यांची जीभ सैल सुटे. "याच्याशी खुशाल संसार कर, पोरी," ते मेन्नाला म्हणाले होते, "पण तण कुठलं आणि गवत कुठलं ते तूच बघ. माझ्या दोन जिवांना खाल्लंय यानं." हेविन हसला होता. सवयीने. मेन्ना हसली नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती – बाबांकडे नाही, त्याच्याकडे – हा काय म्हणतो, याची वाट पाहत. आणि तो म्हणाला, "राहिलं असेल माझ्याकडून." पुढे तिने लाकडाच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. तिचं काही चुकलं असं त्याला कधी वाटलं नाही.

त्या वाक्याने किती काम केलं होतं! कुंपण मोडलं, भाव पडला, कोकरू दगावलं, ओळखीची मुलगी निघून गेली… ते वाक्य होतंच. ते म्हटलं की आत सगळं शांत व्हायचं. अपराध कुठे ठेवला आहे हे माहीत असलेल्या माणसाला घरात चाचपडावं लागत नाही.

स्वयंपाकघर ऊबदार होतं. तव्यावरच्या गोल केकांचा वास, लोणी, आणि बाबा. ते खिडकीशीच होते.

"ये पोरी, बस. विनची नात ना तू? तुझ्या आजोबाने माझं एक पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरवलं होतं. का, तर म्हणे सर्दी झाली होती."

"सर्दी नव्हती ती," मारेद म्हणाली. "बाटलीत मिळते ती."

बाबा खो खो हसले. त्यांना ऐकू कमीच यायचं, पण हवं ते बरोबर यायचं. हेविनने चहा ओतला, केकांना लोणी लावलं, बाबांच्या केकाचे चार तुकडे केले. मारेद त्याच्या हातांकडे पाहते आहे, हे त्याला जाणवत होतं.

"मग? काय म्हणाला चिखल?"

मारेदने हेविनकडे पाहिलं.

"खाणीचं आहे थोडं," हेविनच म्हणाला, मोठ्याने. "खाली. जुनं."

"असणारच! माझा बाप उभा होता त्या पाण्यात, तुझ्याएवढाही नव्हता. त्या खाणीवर अर्धं खोरं जेवलं, चॅपेल उभं राहिलं. आता येतात शहरातली माणसं नाकं मुरडत. तुला नाही म्हणत, पोरी, तू घरचीच." त्यांनी चहा बशीत ओतून घेतला. "नदीने कुणाचं वाईट केलं नाही. जे वाकडं झालं ते माणसाच्या हाताने झालं." आणि हनुवटी हेविनकडे, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या सुरात. "हा सांगेल तुला. सांग रे, लेका. तुझ्या नळ्याबिळ्या याच्या हातात देऊ नकोस हं, पोरी, एखादी राहून जायची."

मारेदने कप खाली ठेवला. तिच्या मानेवर लाली चढली होती. तिचं तोंड उघडलं… आणि त्या क्षणात हेविनला सगळं एकदम दिसलं – तिचे शब्द, ते बाबांच्या कानापर्यंत जाताना, हवं ते बरोबर ऐकणारे ते कान, मग डोळे, मग घोंगडीवरचे ते हात ज्यांनी बांध कापला होता.

"राहिलं असेल माझ्याकडून," तो म्हणाला. "बारा वर्षांचा होतो मी. लक्ष कुठेतरी असणार."

कसं सहज आलं, लोण्यासारखं. बाबांनी समाधानाने मान हलवली आणि बशीला तोंड लावलं. मारेद टेबलाकडे पाहत राहिली. आणि हेविनला कळलं की हे वाक्य तो आज पहिल्यांदाच खोटं बोलला आहे. आजवर हजारदा बोलला असेल, पण ते खरं समजून. आज जाणून बोलला. जाणून बोललेलं खोटं असं असतं तर – ताठ, हलकं, थोडं गोडसुद्धा.

तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. तिने नळ्या ओल्या कापडात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून, आत ठेवल्या.

"का म्हणालात तसं?"

"नव्वद वर्षांचे आहेत ते. आता काय करायचंय कळून?"

"आणि तुम्हांला?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. त्याने गाडीचं मागचं दार लावलं. ती आत बसली, म्हणाली, "गवताचं मात्र लक्षात ठेवा, काका," आणि गाडी काढली. वळणावर तिने हात हलवला. तो फाटकाशी उभा राहिला.

दया केली, असं तो स्वतःला सांगू पाहत होता. चॅपेलमध्ये अशा गोष्टीचं कौतुक होतं. पण फाटकाचा गार लोखंडी दांडा हातात धरून उभं असताना दुसरंच काही वर येत होतं. टेबलापाशी त्याला आनंद झाला होता. बाबा हनुवटीने त्याला दाखवत होते, आणि पहिल्यांदा त्याला ठाऊक असलेलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तो वर होता आणि ते खाली. म्हणून वाक्य इतकं सहज आलं. हा काय पुत्रधर्म झाला? त्याला लाज वाटली. आणि लाजेच्याही खाली, नळीच्या बुडाशी असावा तसा, जाड थर – की मी नाही तर ते माझे उन्हाळे कुणाकडे मागायचे? मेन्नाची ती नजर? खाणीच्या मालकांकडे? ते कधीच मेले. नदीकडे? नदीवर काय खापर फोडणार. ती वाहते, आणलेलं टाकते, पुढे जाते. दोष द्यायला माणूस लागतो. एकच माणूस उरला होता, आणि त्याचं देणं तर आत्ताच, चहाबरोबर, मी माफ करून आलो.

बरं. माफ तर माफ. अजाणता केलं त्यांनी. प्रेमाने केलं. एवढं धरून तो घरात परतला, आणि उंबऱ्यापाशी बूट काढताना त्याला खरोखरच शांत वाटत होतं.

बाहेरचा उजेड कमी होत होता. बाबा तसेच, तोंड खिडकीकडे. खाली कुरणाची लांब पट्टी, पलीकडे नदी.

"रविवारी चढेल म्हणतायत," ते म्हणाले. "रेडिओवर."

"हो. ऐकलं मी."

"फळी उचलू नकोस."

हेविनच्या हातात बूट होता. तो तसाच राहिला.

"का?" या घरात हा शब्द त्याने वडिलांना कधी विचारला होता, त्याला आठवेना.

"नको म्हटलं ना. जुनी झालीय ती. राहू दे."

फळी जुनी झालेली नव्हती. ओक आणखी शंभर वर्षं टिकला असता. हेविनने बूट खाली ठेवला, दुसऱ्याशेजारी, नीट. तिने सांगितलं का? नाही, ती तर त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. त्याने स्वतःच सांगितलं, खाणीचं आहे थोडं, खाली, जुनं. त्यावरून? तेवढ्यावरून कळलं? आत्ता, चहाच्या बशीत?… की –

सेरेननंतर बाबांनी दुसरी घोडी घेतली नाही. दुःखाने, असं सगळे म्हणाले. आणि एकदा शेजारच्या शेतावरचा हाऊएल आला होता, मुलीच्या तट्टूसाठी गवत मागायला, आणि बाबा म्हणाले, मेंढ्यांपुरतंच आहे रे. माळा तेव्हा छतापर्यंत भरलेला होता. हेविन शिडीवर उभा होता, त्याला वाटलं, किती हा कद्रूपणा. त्या कुरणाचं गवत त्यानंतर कधीही, एकदाही, घोड्याच्या तोंडी गेलं नव्हतं. तण तर हेविन विंचरून काढत होता. तणाचं भय उरलं नव्हतं. मग कशाचं होतं? आणि फळी मात्र दर हिवाळी उचलली जात होती, कारण न उचलण्याचं कारण द्यावं लागलं असतं. सुंभ जळेल, पीळ नाही जाणार… उचलायचा हेविन. बाबा बांधावर उभे राहून पाहायचे.

म्हणजे ती काडी. ओंजळ ओंजळ उपसत किती वेळ शोधत होते ते माळ्यावर? आईने खालून दोनदा हाक मारली होती. सापडेपर्यंत उतरले नव्हते.

नाही. असं नसेल. असेल. तो तिथेच उभा राहिला आणि त्याला जाणवलं की छातीत काहीतरी सावकाश, अगदी सावकाश, जागा बदलतं आहे. अजाणता केलेलं त्याने माफ केलं होतं, आणि ते खरं होतं, ते परत घ्यायची त्याची इच्छा नव्हती. पण जाणून गप्प राहिलेलं, एका पोराच्या सगळ्या उन्हाळ्यांवर बसून, वर त्यालाच हनुवटीने दाखवत… ते त्याने अजून माफ केलेलं नव्हतं. त्याची चर्चाच झाली नव्हती. आणि असंही असेल की म्हाताऱ्याला काहीच ठाऊक नाही, नुसतीच हाडं दुखतायत, रविवारी थंडीत मुलगा बांधावर जायला नको एवढंच. दोन्ही असू शकत होतं. ते पाठमोरं डोकं, विरळ पांढरे केस, मानेची घडी – काहीच कळत नव्हतं त्यावरून.

रोज संध्याकाळी तो दाराजवळच्या बाकावर बसत असे, हाक आली की उठायला बरं पडे म्हणून. आज त्याने टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि खिडकीपाशी, वडिलांच्या समोर, नेऊन ठेवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. बाबांनी पाहिलं नाही. पण त्यांचे हात घोंगडीच्या काठाशी हलले आणि थांबले.

विचारायचं की नाही, हे त्याचं ठरलं नव्हतं. मात्र विचारता येईल, हे त्याला आता दिसत होतं, आणि उत्तर काहीही आलं तरी आपल्याला त्यात ते वाक्य म्हणावं लागणार नाही, हेही. तो बसला. म्हातारा खिडकीबाहेर पाहत होता, आणि हेविन, कसलीही घाई न करता, त्याच्या चेहऱ्याकडे.